पाठीशी इंजिन : घरी स्पोर्ट्‌सकार बांधू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या नळीपासून स्वतः मोटार बांधायची, आणि तीही मिड-इंजिन स्पोर्ट्‌सकार, असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकदम लॅम्बोर्गिनी उभी राहते. “अहो, ती आपली कामं नव्हेत,” असे म्हणून तो विषय बदलतो. या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या एका वाक्याविरुद्ध आहे. इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे ठेवणे ही श्रीमंतांची चैन, हा समज भिंतीवरच्या पोस्टरांनी रुजवला. प्रत्यक्षात घरी गाडी बांधणाऱ्याला कमीत कमी पैशांत आणि कमीत कमी नव्या सुट्या भागांत जमण्यासारखी स्पोर्ट्‌सकार कुठली असेल, तर ती हीच. आणि हे काम कुठल्या गावात व्हावे असे मला विचाराल, तर मी बेलाशक जबलपूरचे नाव घेईन.

आधी रचनेविषयी. चालकामागे इंजिन असलेल्या शर्यतीच्या गाड्या दुसऱ्या महायुद्धाआधीही होत्या. जर्मनीत ऑटो युनियनने त्या धावत्या केल्या. पण त्यामागे सरकारी पैसा होता आणि फर्डिनांड पोर्शे यांच्यासारखा अभियंता होता. आपल्या उपयोगाचा धडा आहे तो १९४६ चा. लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन हे बापलेक गॅरेज चालवत. त्यांनी दोन जुन्या फियाट टोपोलिनो गाड्यांचे पुढचे भाग घेतले, ते एकमेकांना पाठीला पाठ लावून जोडले, आणि मागे मोटरसायकलचे ५०० सीसीचे जॅप इंजिन बसवले. इंजिन मागे का? मोटरसायकलचे इंजिन साखळीने चाक फिरवते, आणि साखळी लांबवर नेता येत नाही. म्हणून इंजिन चालत्या चाकांजवळ. एवढाच विचार. तेरा वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याच वंशातल्या कूपर गाडीत बसून जॅक ब्रॅबहॅम मोटार शर्यतींत जगज्जेता झाला आणि १९६० मध्ये पुन्हा झाला. १९६१ चे अजिंक्यपद फेरारीने मिळवले ते स्वतःचे इंजिन मागे नेल्यावर. ज्या लॅम्बोर्गिनी मिउराचे पोस्टर आपण भिंतीवर लावतो, ती आली १९६६ मध्ये, म्हणजे कूपरांच्या गॅरेजनंतर वीस वर्षांनी.

कूपर बापलेकांचा हिशेब आज आपल्या जुन्या बाजारात जसाच्या तसा लागू पडतो, फक्त साखळीची जागा आडव्या इंजिनाने घेतली आहे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्यामागोमाग पुढच्या चाकांनी चालणाऱ्या छोट्या गाड्यांनी देश भरला. झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका, स्विफ्ट, कुठलीही घ्या. यांच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल असा एकच आडवा गोळा असतो. तो गोळा ॲक्सल शाफ्ट, नकल, हब आणि स्ट्रटसकट उचलून आसनांच्या मागे ठेवला की लांब प्रोपेलर शाफ्ट नको, मागचे वेगळे डिफरन्शियल नको, मधला बोगदा नको. चालकाच्या पुढे उरतात ते रेडिएटर, स्टिअरिंग आणि पाय. फियाटने १९७२ मध्ये एक्स १/९ अशीच केली, १२८ या साध्या कौटुंबिक मोटारीचे यंत्र मागे नेऊन. १९९६ च्या लोटस एलिसमध्येही रोव्हरच्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांतलेच १.८ लिटरचे इंजिन होते.

गोळा मागे सरकवायचा, फिरवायचा नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. लोटसने १९६६ च्या युरोपात रेनॉ १६ चे उभे इंजिन घेतले आणि ते अर्धवर्तुळ फिरवून बसवले. तेव्हा गिअरबॉक्सच्या आतला क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला घ्यावा लागला. तसे केले नसते तर गाडीला मागे जाण्याचे चार गिअर आणि पुढे जाण्याचा एकच मिळाला असता. आडवे इंजिन सरळ मागे नेले तर ही भानगड उरत नाही.

आपल्याकडे हे नवलही नव्हे. मारुती ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली होते आणि ते मागची चाके फिरवत होते. शाळेची मुले, दुधाचे कॅन आणि लग्नाचे सामान या देशाने दोन आसांच्या मधल्या इंजिनावरच वाहिले. दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत दिसली. आसनांमागे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हात रेसमो दाखवली, १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, तेही पाठीमागे. रेसमो विक्रीला आली नाही. मला त्याचे आजही वाईट वाटते, कारण आपल्या कॉलेजातल्या पोरांना परवडण्याच्या जवळपास येणारी ती पहिली गाडी ठरली असती.

आता जबलपूर. मध्य प्रदेशाबाहेरच्या मराठी वाचकाला हे गाव भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुआंधार यांपलीकडे फारसे ठाऊक नसते. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत या गावाची राजधानी नागपूर होती, त्यामुळे मराठी घरे इथे उपरी नाहीत. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची सालं वेगळी आहेत. १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. तोफेचा गाडा बनवणे म्हणजे लोखंडाला हजारो धक्के पचवायला शिकवणे. १९५९ मध्ये याच कारखान्यातून शक्तिमान ट्रक बाहेर पडू लागला, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमान तिकडे गेला; सोबत निसानचा एक टनी ट्रक आणि जोंगा. जोंगा म्हणजे निसान पॅट्रोलची जबलपुरी बहीण, जवळपास चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, आणि नावातले पहिले अक्षर जबलपूरचे. १९९९ पर्यंत ती इथे बनत राहिली. हिमालयातल्या कुठल्याही जुन्या फौजी रस्त्यावर या गावाची गाडी चालून गेलेली आहे.

यातून मागे राहिली ती माणसे. रांझी आणि खमरियाच्या वस्त्यांत एकेका गल्लीत फिटर, टर्नर, वेल्डर, पॅटर्नमेकर, मोल्डर निवृत्त होऊन बसले आहेत. १९४७ पासूनचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करून मिळते. पुण्यात हे सगळे याहून जास्त आहे हे मला मान्य आहे; पण पुण्यात त्या माणसाच्या वेळेला भाव आहे, आणि इथे निवृत्त माणूस चहावर तुमच्या शेडमध्ये दिवसभर उभा राहतो.

असे एक काका, आयुष्यभर फिटर म्हणून राबलेले, एका तरुणाने टॅक मारून उभी केलेली चेसिस बघायला आले, ते दृश्य इथे सांगतो. चौकोनी नळ्यांचा सांगाडा, २५ मिलिमीटरची नळी, १.६ मिलिमीटर जाडी. पोराने गुणिया लावून प्रत्येक कोपरा काटकोनात असल्याचे दाखवले. काकांनी गुणिया बाजूला ठेवला आणि खिशातून गवंडी वापरतात तसली सुतळी काढली. एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली, मग दुसऱ्या तिरप्या बाजूला धरली. दोन कर्णांत एक सूत फरक निघाला, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडा जास्त. “कोपरे खरे बोलतायत, चौकट खोटं बोलतेय,” ते म्हणाले. मग त्यांनी खडू घेतला आणि प्रत्येक जोडावर आकडे घातले, वेल्डिंग कोणत्या क्रमाने करायचे त्याचे : डाव्या पुढच्या जोडावर थोडे, मग उजव्या मागच्या जोडावर थोडे, मग निवू द्यायचे. वेल्डिंगचा टाका थंड होताना नळीला आपल्याकडे ओढतो. एका बाजूने सलग भरत गेलात तर सगळी चौकट केळ्यासारखी वाकते आणि मग कितीही पैसा ओतला तरी चारही चाके एका पातळीत येत नाहीत. हे ज्ञान छापील पुस्तकात क्वचित सापडते. त्या खडूच्या आकड्यांची आकृती या पुस्तकात जशीच्या तशी घेतली आहे.

मराठी माणसाने या वाटेवर याआधी पाऊल टाकलेले नाही, असेही कोणी समजू नये. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी इंजिनिअरिंगची पदवी नसताना मीरा ही छोटी मोटार बांधली. पहिली १९४९ मध्ये, दोन माणसांची. आणि त्यानंतर सुधारत सुधारत १९७० पर्यंत पुढची रूपे. उत्पादनाचा परवाना मात्र मिळाला नाही. वीस वर्षे एक माणूस स्वतःच्या खर्चाने मोटारीची रूपे मागून रूपे करत राहतो आणि त्याच्या नोंदी, रेखाटने, फसलेले भाग हे सगळे पुढच्या माणसाच्या हाती पडत नाही, हे नुकसान मला परवाना न मिळण्याहून मोठे वाटते. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२१ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने मुलासाठी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी केली आणि ती देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. सोबत त्यांनी जे म्हटले तेही खरेच होते : ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावरून काढतील. या नियमांकडे मी शेवटी येतो.

त्याआधी जिथे माणसे हमखास अडकतात, त्या जागा. पुस्तकात त्यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत, तरी वाचकाने नळीला हात लावण्याआधीच त्या माहीत करून घ्याव्यात.

पहिली जागा मागच्या चाकाची दिशा. पुढच्या चाकाच्या नकलला स्टिअरिंगचा टाय रॉड जोडायचा एक कान असतो. गोळा मागे नेला की त्या कानाला काहीतरी पक्के जोडावेच लागते, नाहीतर मागची चाके मनाला येईल तिकडे वळतात. पुष्कळ जण जुनी स्टिअरिंग रॅकच मागे ठेवून ती वेल्ड करून मुकी करतात. हे करू नका. जुन्या रॅकच्या बुशात खेळ असतो, आणि मागच्या चाकात एका मिलिमीटरचा खेळ ताशी ८० किलोमीटरला गाडी आडवी करायला पुरतो. दोन्ही बाजूंना स्वतंत्र टाय रॉड द्यावा, तो चेसिसवरच्या भक्कम ब्रॅकेटला बांधावा, आणि मग स्प्रिंग काढून हब जॅकने दहा-दहा मिलिमीटर वर घेत दोन डायल गेजने मोजावे. चाक वर-खाली झाले तरी त्याची दिशा बदलता कामा नये. बदलत असेल तर टाय रॉडचे आतले टोक वर किंवा खाली सरकवायचे. या एका मोजणीला दोन रविवार गेले तरी देऊन टाकावेत.

दुसरी जागा ब्रेक. आपल्या छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, कारण वजन पुढे असते आणि ब्रेक दाबल्यावर आणखी पुढे येते. गोळा मागे गेला की डिस्क मागे गेल्या. आता पुढे ड्रमच ठेवलेत, तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी जखडतील आणि गाडी गर्रकन फिरेल. म्हणून पुढच्या बाजूसाठी दुसऱ्या गाडीचाही पुढचाच भाग घ्यावा, डिस्क आणि स्टिअरिंगसकट. कूपरांनीही दोन टोपोलिनोंचे पुढचेच भाग घेतले होते. मागच्या डिस्कला मग हँडब्रेक नसतो. त्यासाठी हँडब्रेकची सोय असलेले कॅलिपर शोधावे लागतात. आणि मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढू नये.

तिसरी जागा पाणी. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे म्हटल्यावर जाणारी एक आणि येणारी एक अशा दोन लांब नळ्या लागतात. वाटेतल्या प्रत्येक उंचवट्यावर हवा अडकते. जबलपूरच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असताना ही अडकलेली हवा इंजिनाचे हेड वाकवते, आणि गंमत म्हणजे काटा सगळे ठीक असल्याचे दाखवत राहतो, कारण सेन्सर पाण्याऐवजी वाफेच्या फुग्यात बसलेला असतो. सर्वात उंच जागी हवा काढायचा स्क्रू ठेवावा आणि पाणी भरताना गाडीचे नाक वर उचलावे.

बॉडीविषयी थोडक्यात. फायबरग्लासचे काम पावसाळ्यात काढू नये. ओल धरलेली मॅट आणि दमट हवा यांनी जेलकोटचा पृष्ठभाग बिघडतो. जबलपुरात दुर्गापूजेच्या मूर्तींचे मोठे काम चालते, त्यामुळे साच्याच्या कामात मुरलेला हात गावात मिळतो. त्याला बोलवा, संकोच करू नका. आणि एक गोष्ट शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, हार्डनर नंतर. थेट मिसळले तर स्फोट होतो. दोन बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवाव्यात.

घरी बांधलेल्या गाडीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर? मोजण्याच्या. चेसिस किती ताठ आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मागची बाजू जमिनीला घट्ट बांधा, पुढची बाजू मध्यरेषेवरच्या एका टेकूवर ठेवा, एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला ५० किलो वजन टांगा. सुमारे ४९० न्यूटन-मीटरचा पीळ बसला. मध्यरेषेपासून ६०० मिलिमीटरवर डायल गेज लावा. ते दोन मिलिमीटर हलले, तर चौकट ०.२ अंशाच्या जरा आतच पिळली. म्हणजे दर अंशाला सुमारे २,५०० न्यूटन-मीटर. हलक्या, दोनच माणसांच्या गाडीसाठी इथून पुढे काम सुरू करता येते. इंजिनाच्या कप्प्यात एक तिरपी नळी वाढवून पुन्हा मोजा. आकडा किती वाढला ते वहीत लिहा. गाडी तयार झाल्यावर चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून प्रत्येक चाकावरचा भार लिहा. या रचनेत साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे येते. त्यामुळे चालत्या चाकांना पकड मिळते आणि वजन मधोमध गोळा झालेले असल्याने गाडी चटकन वळते. पण पकड सुटली की तितक्याच चटकन फिरतेही. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढणारा चालक या गाडीत सुरक्षित नाही. हे शिकूनच बसावे.

आता नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२६ व्या नियमानुसार नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही त्यांतली एक. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. एका माणसाने बांधलेल्या एकाच गाडीसाठी तिच्यात वेगळी, परवडणारी वाट नाही. म्हणून या पुस्तकानुसार बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची नाही, हे मी निक्षून सांगतो. जुन्या गाडीचे नोंदणीपुस्तक आणि नंबरपाटी नव्या सांगाड्याला चिकटवण्याची युक्ती कोणीतरी सुचवेल. ती बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा हात वर करेल. गाडी बंदिस्त ट्रॅकवर चालवा. तिची वाहतूक ट्रकवरून करा.

पण ही परिस्थिती बदलण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीच्या तपासणीची पद्धत कित्येक वर्षे चालू आहे. परीक्षक ब्रेक, दिवे, आसनपट्टे, धूर, धारदार कडा एवढे बघतो आणि घरी बांधलेली गाडी रस्त्यावर येते. आपल्याकडे मध्य प्रदेशातच, इंदूरजवळच्या पीथमपूरला, नॅट्रॅक्स ही तपासणीची मोठी सरकारी सोय आहे आणि तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला. त्याच पीथमपूरला इंजिनिअरिंगची मुले बाहा स्पर्धेसाठी स्वतः बांधलेल्या, इंजिन पाठीमागे असलेल्या गाड्या घेऊन येतात आणि परीक्षक त्यांचे ब्रेक आणि वेल्डिंग तपासूनच त्यांना सोडतात. म्हणजे तपासणारे डोळे आहेत, जागा आहे, बांधणारे हातही आहेत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने वर्षातून ठरावीक दिवस एकेकट्या गाड्यांच्या तपासणीसाठी राखावेत, शुल्क सामान्य माणसाला झेपेल असे ठेवावे, आणि पास झालेल्या गाडीला मर्यादित नोंदणी द्यावी. हे पुस्तक वाचून जो कोणी गाडी बांधेल, त्याने आपल्या मोजणीची वही, वेल्डिंगचे फोटो आणि चार काट्यांवरचे आकडे जोडून मंत्रालयाकडे अर्ज करावा आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी.